पुढची गादी, मागचा तंबोरा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच — आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते तेव्हा आमच्या संगीत मंडळातले लोक मला ‘ट्रंककॉल’ म्हणायचे. सकाळी मला कळलेलं संध्याकाळपर्यंत आमच्या भागात, अख्ख्या देवपुरात! मग ही एवढी एकच गोष्ट इतकी वर्षं आत कशी राहिली? सांगते. पण एकदम नाही सांगता यायचं — आधी तुम्हाला आमचा हॉल दाखवते, चालेल ना?

हॉल कसला, तेलगिरणीच्या वरचा मोकळा मजला. जिना लोखंडी, भिंतींना शेंगदाण्याच्या पेंडीचा वास, मधोमध दोन जाड खांब. गिरणीमालकांना गाण्याचं वेड, म्हणून जागा फुकट. मात्र खाली यंत्रं सुरू असली की वर बोललेलंही ऐकू यायचं नाही. गिरणी बंद फक्त रविवारी दुपारपर्यंत, म्हणून आमच्या मैफली रविवारी सकाळी. आणि गंमत बघा — हीच आमची दौलत ठरली! मोठमोठ्या गावांत गवयांना संध्याकाळीच बसवतात, सकाळचे राग त्यांच्या गळ्यात तसेच पडून राहतात. आमच्याकडे तोडी गायला मिळते हे कळलं की मोठी माणसंसुद्धा यायला तयार व्हायची. त्यांना फोन लावायचं काम माझं. त्यांचा होकार माझ्याच कानात पहिल्यांदा पडायचा, आणि मी हेडफोन काढून खुर्चीतल्या खुर्चीत नाचायची. साहेब रागवायचे. रागवू देत!

कलाकार उतरायचे इंदूअक्कांकडे. अक्का मूळच्या चोपड्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न होऊन देवपुरात आल्या. यजमान एसटीत. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी गाव सोडून जाताना त्यांना आपला तंबोरा दिला होता. मंडळाकडे स्वतःचा तंबोरा नव्हताच. गायक एक आणायचे, दुसरा अक्कांचा, आणि तो वाजवायलाही अक्काच. गवयाच्या मागे, उजव्या हाताला, डोक्यावरून पदर घेऊन त्या बसायच्या. आदल्या दिवशी भरीत-कळण्याची भाकरी खाऊ घालायची, सकाळी तंबोरा जुळवून द्यायचा आणि मग मैफलभर चार तारा छेडत राहायचं. अक्का चारचौघांत कधी गायल्या नाहीत. ती एक जागा — तेवढंच त्यांचं गाणं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला पक्कं माहीत होतं.

आता योजनेकडे येते. मंडळ बुडायला आलं होतं. गवयांची बिदागी वाढत चाललेली, वर्गणी तीच, आणि घरोघर टीव्ही आलेला. अध्यक्ष वसंतभाऊ, निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणाले, सन्मानानं बंद करू. बंद? मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, खास सभासद करू या! जास्त वर्गणी भरेल त्याला पुढे गादी, टेकायला लोड, मध्यंतरात गवयाबरोबर चहा, आणि एक फर्माईश करण्याचा मान. बाकीचे आहेत तसे सतरंजीवर. काय गहजब झाला! गाणं विकायला काढलं म्हणाले. भाऊंनी तर विचारलं, पैसेवाल्याला पुढे बसवलं म्हणून त्याला जास्त ऐकू येणार आहे का? मी म्हटलं, नाही येणार, पण त्याच्या जिवावर मागच्यांना तरी ऐकायला मिळेल की नाही? त्यावर भाऊंनी योजना वहीत लिहून घेतली. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी मी बरोबर होते.

अक्का दाराशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पन त्या लोक स्टेजवर नही ना येतीन?”

मी छातीवर हात ठेवून सांगितलं — अक्का, फक्त पुढची गादी विकतोय, स्टेज नाही. माझा शब्द. सगळ्यांसमोर दिलेला.

आणि योजना चालली हो! काय सांगू तुम्हाला — एक कापसाचे व्यापारी आले, दोन डॉक्टर आले, एक वकील तर बायको, मेहुणी सगळ्यांना घेऊन आले. सतरंजीवरचे लोक त्यांना ‘गादीवाले’ म्हणून चिडवायचे, आणि गादीवाल्यांना त्याचाच अभिमान. फर्माईश करायला मिळणार म्हणून वकीलसाहेब रागांची नावं पाठ करून यायचे आणि ऐन वेळी विसरायचे. हॉल भरायला लागला. भाऊंनी भिंतींना स्वतःच्या हातानं रंग दिला. मी रस्त्यानं चालायची तर पाय जमिनीवर नसायचे. तुम्ही कधी काही बुडता बुडता वाचवलंय का? मग कळेल. त्या धुंदीत माणूस कशालाही हो म्हणतो.

मग ठरलं बाईंचं. नाव सांगत नाही, पुण्याच्या थोर गायिका. आधी एकदा आमच्याकडे गाऊन गेलेल्या, तेव्हाही मागे अक्काच होत्या. आता त्यांचं नाव फार मोठं झालं होतं. त्या हो म्हणाल्या तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये इतक्या जोरानं ओरडले की शेजारणीनं चालू कॉल तोडला! त्याच आठवड्यात चोपड्याहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे केळीचे बडे व्यापारी. म्हणाले, मी खास सभासद होतो, आणखी चार जणांना करतो. आमची पोरगी गाणं शिकते, तिला बाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसवता येईल का? आणि लगेच म्हणाले — हे नीट ऐका — “नही जमनं तरी काही हरकत नही, सभासद तर व्हसूच.”

म्हणजे मला ‘नाही’ म्हणता येत होतं. कुणी माझा गळा धरला नव्हता. आणि मी काय म्हणाले? “बसेल की! आनंदानं बसेल!”

फोन ठेवला आणि मग अक्का आठवल्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, अक्कांना खरं सांगायचं. हो ना! खरं सांगितलं असतं तर अक्कांनी त्या मुलीला बोलावून तंबोरा कसा धरायचा ते दाखवलं असतं, भाकरीही वाढली असती. वाईट वाटलं असतं त्यांना, पण ते एका रविवारपुरतं. पण मग स्टेज विकलं हे कबूल करावं लागलं असतं. भाऊ काय म्हणाले असते? ज्यांच्याशी मी तोंड वर करून भांडले होते ते काय म्हणाले असते? मला माझा शब्द मोडलेला कुणाला दिसायला नको होता. बस, एवढंच.

मी अक्कांकडे गेले. त्या वांगी भाजत होत्या. आणि मी म्हणाले, अक्का, बाईंचा फोन होता. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी मागचा तंबोरा जरा हलत होता. लय सुटत होती, स्वरही उतरला होता. या वेळी दुसरं कुणी द्या म्हणाल्या.

असा फोन आलाच नव्हता. पण गवयांचे फोन माझ्याच कानात यायचे, तेव्हा माझ्यावर कोण शंका घेणार?

अक्कांनी वांगं उलटं केलं. मग पुन्हा उलटं केलं. “मले समजनंच नही वं,” त्या म्हणाल्या. “बरं झायं तू सांगं ते.” रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. मला वाटलं होतं, निदान वाद तरी घालतील. माझ्याकडे उत्तरं तयार होती, एकाचंही काम पडलं नाही.

एक खोटं बोललं की पुढची कामं वाढतात. भाऊंना सांगितलं, अक्काच या वेळी नको म्हणाल्या, म्हणून चोपड्याची मुलगी बसेल. बाई अक्कांकडे उतरल्या तर दोघींचं बोलणं होणार! म्हणून मी बाईंची सोय एका गादीवाल्या डॉक्टरांच्या बंगल्यात केली. सगळ्यांना वाटलं, काय ही पोरगी धावपळ करते! अक्कांनी तंबोरा पाठवला, गवसणीत घालून, पण न जुळवता. निरोप होता, तूच लाव. मी लावला. लावताना हातात इतका उत्साह होता की काय सांगू — खाली लोक जिन्यावर उभे, गादीवाले लोडांवरून भांडतायत, भाऊ नवा सदरा घालून आलेले. लाज वाटायला हवी होती ना? त्या क्षणी नाही वाटली. हेही सांगून टाकते.

आणि बाई काय गायल्या! तोडी सुरू झाली आणि पेंडीचा वाससुद्धा विसरायला झाला. माझ्या अंगावर आत्ता काटा आला, बघा. आबांची मुलगीही नीट वाजवत होती बिचारी, तिचा काही दोष नाही. मी बाजूला उभी राहून सगळ्यांचे चेहरे पाहत होते आणि मनात म्हणत होते, हे मी केलं, हे मी केलं! तेवढ्यात मागे नजर गेली. शेवटच्या सतरंजीवर, खांबाच्या आड, अक्का बसल्या होत्या. डोळे मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर हलत होती — तारा छेडल्यासारखी. माझ्याच्यानं बघवलं नाही. मी तोंड फिरवलं.

मध्यंतरात बाजूच्या खोलीत चहा. गादीवाले यायच्या आधी बाईंनी मला जवळ बोलावलं. “मागच्या वेळी माझ्या मागे बसल्या होत्या त्या ताई कुठं आहेत?” त्यांनी विचारलं. अक्का भिंतीपलीकडे होत्या. मला फक्त दार उघडून हाक मारायची होती. मी म्हणाले, त्यांची तब्येत बरी नाही. बाई हळहळल्या. म्हणाल्या, “त्या दिवशी माझा आवाज बसला होता. त्यांच्या तंबोऱ्यानं मला सांभाळून घेतलं. इतका भरलेला तंबोरा फार कमी मिळतो. त्यांना माझा हा निरोप सांग. सांगशील ना?”

हो म्हणाले मी. मग दार उघडलं आणि गादीवाल्यांना आत घेतलं.

भैरवीच्या आधीच अक्का निघून गेल्या होत्या. त्यानंतर त्या मैफलींना कधी आल्या, कधी नाही. तंबोऱ्यावर मात्र बसल्या नाहीत. भाऊंनी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या, आता नव्या पोरी आहेत. त्यांची सून मला एकदा बाजारात भेटली, सहज म्हणाली, सासूबाई पहाटे तंबोरा लावायच्या, ते हल्ली बंदच केलंय. मी भाजीचा भाव विचारत राहिले.

पुढे माझं लग्न झालं, बदली घेऊन मी जळगावला आले. एक दिवस दारात अक्का! धुळ्याहून एसटीनं आलेल्या, एकट्या, तंबोरा गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणलेला. पाणी प्यायल्या, गोधडी सोडली आणि तो भिंतीला टेकवून ठेवला. “मन्हा कान आते ऱ्हायना नही,” म्हणाल्या. “तुन्हा कान चांगला शे. तूच ठेव हाऊ.”

घरात आम्ही दोघीच होतो. बाईंचे शब्द मला जसेच्या तसे पाठ होते. दिवसभर अनोळखी लोकांचे निरोप इकडून तिकडे जोडून देणं हाच माझा धंदा. मी काय केलं? चहा केला. खूप बोलले — क्वार्टरबद्दल, जळगावच्या उन्हाबद्दल, केळ्यांच्या भावाबद्दल. त्या हसून ऐकत होत्या. मग मी त्यांना स्टँडवर सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. गाडी सुटेपर्यंत वेळ होता. बराच वेळ होता.

काही वर्षांनी अक्का गेल्याचं कळलं.

आता इथे जळगावात काही हौशी मुलांनी गाण्यासाठी छोटा हॉल घेतलाय. परवा ती मला विचारायला आली, खास सभासद करावेत का? मी म्हटलं, करा, जरूर करा, पुढे गाद्या टाका, चहा पाजा! तासभर त्यांना उत्साहानं सगळं समजावलं. मुलं खूश झाली. जाताना एकीनं भिंतीपाशी उभ्या तंबोऱ्याच्या तारा हलकेच छेडल्या आणि म्हणाली, काय भरलेला आहे हो, कुणाचा?

मी म्हटलं, माझा.