विषाच्या पेल्यावरची फुंकर

श्रावण गेल्याचं मला पेपरातून कळलं. सीताबर्डीवर पानठेल्यापाशी उभा होतो. चार ओळींची बातमी आणि वर मथळा, 'गडगडाटी हास्याचा खलनायक हरपला'. अंगाची नुसती लाहीलाही झाली. महिना झाला, अजून होते. लिहिणाऱ्यानं श्रावणचं काम पाहिलं तरी होतं का? तो हसणारा खलनायक नव्हताच हो! तसा त्याला आम्ही केला. म्हणजे... मी केला.

श्रावण नागपूरच्या महाल भागातला विणकर. दिवसभर हातमागावर बसायचा, तिथंच आपल्या संवादांची नक्कल पाठ करायचा. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या हौशी मंडळानं बसवलेल्या शोकांतिकेत तो थोरला भाऊ होता, गादीसाठी धाकट्याला दुधातून विष देणारा. दिग्दर्शक मी, म्हणून मला मास्तर म्हणे. तालमीत त्यानं पेला उचलला, दुधावर हळूच फुंकर घातली आणि मग भावाच्या हाती दिला. आम्ही सगळे गारच पडलो. मी विचारलं, "फुंकलं काहून गा?"

"तोंड पोळन ना त्याचं, मास्तर," तो म्हणाला. "मारून राहिला, पण भाऊच होय ना तो. ते कुठी जाईन?"

खलपुरुष कसा असावा, हे मला तेव्हा समजलं. पहिल्या अंकापासून भुवया चढवून फिरणाऱ्याच्या हातचं दूध कोणता धाकटा भाऊ पिईल? स्पर्धेच्या प्रयोगात त्या फुंकरीला पुढच्या रांगेतली एक बाई चक्क ओरडली, "पिऊ नको गा बाबू!" याहून मोठं बक्षीस काय असतं? पण परीक्षकांचा शेरा आला : खलपुरुषाचा पुरेसा संताप येत नाही, फुंकर अनाठायी. विद्वान माणसं! घरात कधी कोणाला दूध पाजलं असतं तर असं लिहिलं नसतं.

आणि मी तरी काय दिवे लावले? पुढच्या वर्षी त्याच नाटकाला मला पहिला नंबर हवा होता. श्रावणला म्हटलं, फुंकर काढ, पेला दिलास की लोकांकडे वळून मोठ्यानं हस. त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

"मंग मले काहून घेता, मास्तर? कोणालेबी राक्षसाचा मुखवटा लावून उभं करा ना."

"नाटक मी बसवतो, श्रावण."

तो हसला, मी सांगितलं तसा. टाळ्या पडल्या, नंबर आला. पुढं गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवातसुद्धा लोक त्याला तेवढंच करायला लावत. माझ्यापाशी त्यानं फुंकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

शोकसभेत धाकट्या भावाचं काम करणाऱ्या आमच्या नटानं ते हास्य करून दाखवलं. शोकसभेत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बोलायला हवं होतं. बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी श्रावणच्या घरी गेलो. माग कधीच विकला होता. नाटकातला पितळी पेला त्यांच्याच घरचा, तो फळीवर होता. "चहापत्ती संपली भाऊजी, दूधच घ्या," म्हणत वहिनींनी त्यातच दूध ओतलं, फुंकर घातली आणि माझ्यापुढे धरलं. मी बघतच राहिलो.

"यांचीच सवय लागली मले," त्या म्हणाल्या. "लहाना दीर होता ना आमचा, तापात गेला तो. त्याले हे असंच फुंकून पाजत. शेवटचं दूधबी यांच्याच हातचं."

"कधी बोलला नाही तो..."

"नाटकात करून राहिलो म्हणे फुंकरीची एक जागा, त्याच्यासाठी. मंग म्हणाले, मास्तरनं काढून टाकली."

पेला माझ्या हातात होता. दूध पिण्याजोगं झालं होतं, तरी मी त्यावर पुन्हा फुंकर घातली.