लंगड्या अस्वलाची मोजणी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता आणि नवा टेबलक्लॉथ बाद झाला.

तर पिंपळनेरच्या बाजारात मी आजही भाजीला उभा राहिलो की कोणीतरी हमखास विचारतं, "नाना, अस्वल काय म्हणतं?" मी मेथी निवडतोय असं दाखवतो. पण ऐकू तर येतंच ना!

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी मोजणी खात्यातला माणूस. पस्तीस वर्षं लोकांच्या शेताचे बांध मोजले. पारोळ्याला दोन सख्खे भाऊ काठ्या घेऊन समोरासमोर असताना मी मध्ये टेप धरून उभा होतो. भडगावला गिरणेच्या काठी कमरेइतक्या चिखलात उतरून खुणेचा दगड शोधून काढला. मी एकदा मोजलं म्हणजे मोजलं. ब्रह्मदेव आला तरी वीतभर इकडचं तिकडे होणार नाही.

निवृत्त झाल्यावर पिंपळनेरच्या कडेला घर बांधलं. मागे डोंगर, डोंगरावर रान. मोजायला आता जमीन नव्हती, म्हणून मी पक्षी धरले. दुर्बीण आणली, वही आणली आणि एक निश्चय केला. रानपिंगळा बघितल्याशिवाय मरायचं नाही. हे एक छोटं, दिवसा फिरणारं घुबड. फार दुर्मिळ. एकदा पहाटे सागाच्या झाडावरून मला त्याचा आवाज आला होता. तेव्हापासून रोज पहाटे मी त्या सागाखाली. वर्ष झालं, पिंगळ्याचं पीसही दिसलं नव्हतं. पण मी हटणाऱ्यातला नाही.

माझ्याबरोबर हौश्या. आमचा कुत्रा, काळाभोर, वय तेरा. कानाने ठार बहिरा, दात बहुतेक पडलेले, मागचा डावा पाय संधिवाताने असा झालेला की तो पाय उचलत नाही, ओढतो. मी सागाखाली मान वर करून उभा राहिलो की हा मागे कुठेतरी बसून विश्रांती घेतो, अशी माझी समजूत. हे वाक्य लक्षात ठेवा.

फाल्गुन सरता सरता हौश्याने जेवण सोडलं.

भाकरी कुस्करून दुधात घातली, हुंगून बाजूला झाला. वरणभात दिला, तोंड फिरवलं. घरी आला की अंगणातल्या कडुनिंबाखाली आडवा, तो संध्याकाळपर्यंत. आमच्या सुमनच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी वरून कोरडा, पण आतून मीही खचलो होतो. तेरा वर्षांत हा कुत्रा माझ्याशी जेवढा बोलला तेवढी आमची मुलंसुद्धा बोलली नाहीत.

त्याला उचलून साक्रीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काट्यावर ठेवला.

"नाना, काय खातो हा?"

"काहीच नाही. पंधरा दिवस अन्नाला शिवला नाही."

"मग वजन दीड किलोने वाढलं कसं?"

"सूज असेल," मी ठामपणे म्हणालो.

डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून बघितलं. "मला सूज दिसत नाही. वय झालंय. पण बाहेर काही खातो का, त्यावर लक्ष ठेवा."

"डॉक्टर, तो क्षणभरही माझ्या नजरेआड नसतो."

घरी येताना मी ठरवलं. जायचं असेल तर जाईल, पण कोपऱ्यात पडून नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मी त्याला रान दाखवणार. सुमन म्हणाली, "अहो, त्याला चालवत नाही." मी म्हणालो, "मग उचलून नेईन." आणि गंमत बघा, अंगणात मढ्यासारखा पडलेला हा प्राणी पहाटे साडेचारला दाराशी उभा असायचा. मला वाटायचं, काय हे निसर्गप्रेम!

अशातच एक दिवस बुधीअक्का दारात आली.

बुधीअक्का वरच्या पाड्यावरची. सत्तरीची असेल, पण डोंगर चढताना मला मागे टाकते. आमच्या सागापासून वीस पावलांवर एक मोहाचं झाड आहे, ते तिचं. म्हणजे सातबाऱ्यावर नाही हो, रीतीने. तिच्या सासूने वेचलं, आता ती वेचते. मोह फुलायच्या आधी ती झाडाखालचा पाला जाळून, झाडून जमीन कशी लखलखीत करते. पहाटे फुलं टपटपतात, उन्हं आली की ती टोपली घेऊन येते. जेमतेम दीड महिन्याचा हंगाम. तीच फुलं वाळवून तिचं घर पावसाळा काढतं.

"नाना," ती म्हणाली, "मना झाडखालनी फुलं रोज कोणतरी खाई जास. निम्मी टोपलीबी भरत नही."

"कोणी चोरत असेल, अक्का."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत सावरून बसलो. "आठे दुसराना झाडनं फूल माणूस उचलस नही. हाई जनावरनंच काम शे. अस्वल व्हई का? तुम्ही शिकेल माणूस शेतस. देखा जरा."

शिकलेला माणूस! बस्स, मी टेप काढला.

झाडाखाली मी गुडघ्यांवर बसून दीड तास मोजणी केली. बुधीअक्का होती, पाड्यावरच्या चार बाया होत्या आणि आमचे पवार होते, जंगलाचे गार्ड. झाडलेल्या मातीत एक लांबट ठसा होता, माणसाच्या तळव्याएवढा, पुढे नखांच्या रेघा. अस्वलाचं मागचं पाऊल माणसासारखं लांब असतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. ठसा मोजला. प्लास्टर ओतून त्याचा साचा घेतला. खोडाला काळे, खरखरीत केस चिकटले होते, ते चिमट्याने कागदात घेतले. अर्धवट चावलेली फुलं भिंगाखाली बघितली.

मग उभा राहिलो आणि निकाल दिला.

"अस्वलच. म्हातारं आहे. मागचा डावा पाय अधू, ओढत चालतं. रंग काळा. दात पडलेत, कारण फुलं चावलेली नाहीत, चघळलीत."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पवार डोकं खाजवत म्हणाले, "नाना, राग मानू नका. पण हे तर तुमच्या हौश्याचंच वर्णन झालं की."

"पवार, कुत्रा फुलं खातो का कधी? आणि तो बिचारा तर मरणपंथाला लागलाय."

सगळ्यांनी माझ्यामागे येऊन सागाखाली झोपलेल्या हौश्याकडे बघितलं. पवारांनी सॉरी म्हटलं. हो, सॉरी म्हटलं त्यांनी!

मग काय, गावभर झालं. लंगडं अस्वल आलंय. पाड्यावरच्या बायांनी सकाळी लवकर मोहाला जाणं सोडलं. ऊन चांगलं तापल्यावर दहा-दहाच्या घोळक्याने डबे वाजवत जायच्या, तोवर उरलेली फुलं गुरं खाऊन जायची. पवारांनी नाल्यापाशी पाटी लावली, एकट्याने जाऊ नये म्हणून. आणि पहाटेच्या त्या मोकळ्या रानात रोज कोण जायचं? मी. का? तर अस्वलावर पाळत ठेवायला. म्हणजे चोराला आता राखणदारसुद्धा मिळाला होता, दुर्बीण घेतलेला.

आठ दिवसांनी बुधीअक्का पुन्हा आली. या वेळी बसली नाही.

"नाना, अर्धा मोह गया. आते मी त्या अस्वलना समोर जास. मारी टाकी तर टाकी."

मला अपराध्यासारखं झालं. मी म्हणालो, "अक्का, एकटी जाऊ नकोस. उद्या पहाटे आपण सगळे बसू. त्याला हुसकावल्याशिवाय मी घरी येणार नाही. हा माझा शब्द."

बेत माझाच. कागदावर नकाशा काढला, दिशा लिहिल्या. बुधीअक्का आणि चार बाया पळसामागे, हातात पत्र्याचे डबे. पवार खडकामागे, काठी घेऊन. मी सागाखाली, सगळ्यांच्या पुढे. साचा पिशवीत, जनावर दिसलं की ताडून बघायला. हौश्याला घरी ठेवावं असं सुमनचं म्हणणं. पण त्याच्या आयुष्यातली कदाचित शेवटची पहाट आणि मी त्याला कोंडून ठेवू? त्याला माझ्या मागे बसवला. बहिऱ्या कुत्र्याचा आवाज तो काय होणार?

बसलो. झुंजूमुंजू झालं. मोहाची फुलं टप टप पडायला लागली. अस्वलाचा पत्ता नाही. माझे गुडघे बधिर झाले, पण मी हललो नाही.

आणि मग डोक्यावरच, त्या सागाच्या उघड्या फांदीवर, आवाज झाला.

तोच आवाज! वर्षभर ज्याच्यासाठी मान मोडली, तो. मी सावकाश दुर्बीण वर केली. फांदीवर एक गोल, करडा गोळा. अस्वल, बुधीअक्का, मोह, सगळं विसरलो.

"दिसलं," मी कुजबुजलो.

"हां, आमलेबी दिसनं," पळसामागून अक्का कुजबुजली.

"हलू नका. केवढंसं आहे बघा."

"नाना, हळू," खडकामागून पवार म्हणाले, "तुमच्या मागेच आहे ते."

"मागे नाही हो, वर! वर बघा!"

"नाना," आता अक्का कुजबुजत नव्हती, "तुम्ही वर काय देखतस? खाले देखा."

आणि पाचही डबे एकदम वाजले. असा दणदणाट झाला की फांदीवरचा गोळा उडाला आणि डोंगरापलीकडे गेला. चेहरासुद्धा नीट दिसला नव्हता त्याचा. मी संतापून वळलो.

मोहाखाली, झाडून ठेवलेल्या त्या स्वच्छ अंगणात, काळंभोर जनावर पाठमोरं उभं होतं. मान खाली, शेपटी हलतेय. पाच डबे वाजत होते, पवार ओरडत होते, पण जनावर ढिम्म. एक फूल उचललं, चघळलं, मागचा डावा पाय ओढत पुढच्या फुलाकडे गेलं. बहिऱ्याला डबे काय करणार?

एकेक डबा वाजायचा थांबला.

बुधीअक्का पुढे आली. माझ्या पिशवीतून तिने साचा काढला आणि ओढलेल्या पायाने मातीत उठलेल्या ताज्या, लांबट ठशाशेजारी ठेवला. सरकवायची गरज पडली नाही. मोजणी बिनचूक होती. माझ्या मोजणीत चूक नसतेच.

"पवार," मी म्हणालो, "याचा अर्थ..."

"नाना, अर्थ मला कळला," पवार म्हणाले आणि खडकावर बसून पोट धरून हसायला लागले. बायांनी तोंडाला पदर लावले, पण पदर हलत होते.

लाज वाटली का? वाटली की. जमीन दुभंगावी असं वाटलं. पण खरं सांगू? त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं. माझा हौश्या मरत नव्हता. दात नसलेल्या तोंडाला त्याने स्वतःच मऊ, गोड अन्न शोधलं होतं, आणि रोज पोटभर जेवून घरी येऊन ढेकर देत झोपत होता. मी तिथेच खाली बसलो आणि त्याच्या गळ्यात हात टाकून रडलो. त्याने माझा चष्मा चाटला. मोहाचा वास येत होता.

बुधीअक्काने आपली टोपली उचलली. मग म्हणाली, "नाना, आमनाकडे रीत शे. ज्यानं खादं, त्यानं येची देवानं. कुत्रा तर येचाव नही. मंग तुम्ही येचा."

आणि फुलं वेचून द्यायला टोपली माझ्या हातात दिली.

उरलेला हंगाम रोज पहाटे मी वेचली फुलं. वाकून वाकून कंबरेचा पार काटा ढिला झाला. घरी येऊन आडवा पडायचो तो हौश्याशेजारी, त्याच कडुनिंबाखाली. अक्का खाली पडलेल्या एका फांदीवर बसून सांगायची, "तठे राही गई ती. नाना, तीबी." आमच्या वाट्याच्या चुकीची भरपाई झाल्यावर तिनेच रोज ओंजळभर फुलं बाजूला काढायला सुरुवात केली. "दात नहीत ना त्याले," म्हणायची, "खाऊ द्या." आता सुमनही भाकरीऐवजी त्याला गुळाचा मऊ सांजा करून घालते आणि तो ताट चाटूनपुसून साफ करतो.

पिंगळा त्यानंतर काही दिसला नाही. पण मी रोज जातो, आणि दुर्बिणीतून वर बघायच्या आधी एकदा मागे बघतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नेमाने वही उघडली. आपल्या खात्याची सवय, जे दिसलं तेच लिहायचं, जास्त नाही, कमी नाही. ते पान अजून आहे, हवं तर दाखवतो.

रानपिंगळा, एक, बहुतेक. अस्वल, नाही. कुत्रा, एक, तब्येत उत्तम. गाढव, एक, मोहाच्या झाडापासून वीस पावलांवर, मान वर, गळ्यात दुर्बीण.