खाटेवर झोपलेले सर

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षण चालू होतं. बातमीसाठी मी मागच्या बाकावर बसलो होतो. रुग्णाच्या खाटेपाशी कसं शिकवावं, हा त्या दुपारचा पाठ. रुग्ण म्हणून खाटेवर झोपले होते सर्जरीचे प्रमुख. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. शिकवायला उभी राहिली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता तिथंच लेक्चरर असलेली.

तिनं त्यांच्या शर्टाची बटणं सोडली आणि अपेंडिक्सची जागा दाखवली. मग विद्यार्थी झालेल्या सहा डॉक्टरांनी एकामागून एक तिथंच दाबलं.

"जोरात दाब रे, सरांचा सूड घ्यायची हीच वेळ!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तिचं शिकवणं नेमकं आणि स्वच्छ होतं. सर छताकडे बघत राहिले. उठून बसल्यावर बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"अगं, हात लावू का, एवढं तरी विचारायचंस."

ती गोंधळली. "सर, तुम्ही असंच शिकवायचात."

शिक्षक तोंडानं सांगतो ते विद्यार्थी परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात. त्याचे हात जे करतात, ते मात्र न सांगता, न लिहिता उचललं जातं आणि जन्मभर टिकतं. त्या खोलीत हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी पोटाला कळलं होतं.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई म्हणाल्या, "हरकत नाही, पुन्हा करू या. त्यासाठीच तर आहे हे."

"हिचं होईल हो," सर म्हणाले. "एवढ्या वर्षांतल्या बाकीच्यांना मी कुठं शोधू?"