गिअरआप्पांच्या नावाची चिंधी

गिअरआप्पा तेल आधी हुंगायचे. डब्याचं झाकण उघडलं की करंगळी बुडवायची, अंगठ्यावर घासायची, नाकाशी न्यायची. डबा सीलबंद असला तरी हे चुकायचं नाही. गाडीतून काढलेल्या जुन्या, काळ्या तेलाचीही तीच तऱ्हा. "माणूस खोटं बोलस, तेल नही," असं ते म्हणायचे.

एकदा एका टेम्पोवाल्याने शपथेवर सांगितलं, खाडीला पूर आला तेव्हा माझी गाडी उंचावर उभी होती, पाण्यात घातलीच नाही. आप्पांनी गिअरबॉक्समधलं तेल हुंगलं. "हाई खाडीनं पाणी शे," एवढंच बोलले. टेम्पोवाल्याची मान खाली गेली. "तुझ्या मालकाला मी सांगणार नाही," आप्पा म्हणाले, "पण तेल बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू देणार नाही." मालकाला त्यांनी खरंच सांगितलं नाही. मी तिथेच बसले होते, म्हणून मला माहीत.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. सुरतेत आले ते लूमवर काम करायला. आठ-दहा वर्षं खात्यात काढली (इकडे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात), मग मागांच्या खडखडाटापुढे कानांनी हात टेकले आणि ते गाड्यांकडे वळले. गोडादऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. इंजिनाचं काम ते घ्यायचेच नाहीत, फक्त गिअरबॉक्स. म्हणून गिअरआप्पा. मी अकोल्याकडची. लग्न होऊन इथे आले, घरात सहा मशीन टाकून साड्यांना लेसपट्टी लावायचं काम सुरू केलं. साड्यांची गाठोडी मार्केटमधून आणायची आणि परत पोचवायची म्हणून एक जुनी व्हॅन घेतली आणि ती मीच चालवू लागले. तेव्हापासून आप्पांशी ओळख.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला परत पाठवलं. "गाडीचं पुस्तक आण." मी म्हटलं, पुस्तक कशाला, तेल तर बदलायचंय. "बहीन, गाडी मी बनवली नाही. जिनी बनाडी, त्याने लिहून ठेवलंय." पुस्तक इंग्रजीत होतं आणि आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. ते गिऱ्हाईकाला वाचायला लावायचे आणि स्वतः आकडे तेवढे बघायचे. माझ्या पुस्तकात चार नंबरचं, पातळ तेल लिहिलेलं होतं. दुकानात मात्र पाच नंबरचं पुढे मांडलेलं असतं. मी विचारलं, पाच मोठा आहे, मग तेच चांगलं ना?

"परीक्षाना मार्क शेत का ते?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी जुन्या गिअरबॉक्समधली पितळेची एक कडी माझ्या हातावर ठेवली. बांगडीएवढी, आतून बारीक दाते. गिअर बदलताना ही कडी दोन चाकांचा वेग जुळवते, म्हणून गिअर आवाज न करता पडतो. पाच नंबरच्या तेलात लोखंडासाठी तिखट औषध असतं, ते बऱ्याचदा पितळेला खातं. जाड तेल घातलं तर सकाळी थंड गाडीचा गिअर पडत नाही. "मागच्या चाकांच्या धुऱ्याला पाच, पुढच्या गिअरच्या डब्याला चार. पण पहिले पुस्तक." दोघांसाठी त्यांच्याकडे दोन वेगळी नरसाळी होती. पाचच्याला लाल दोरा, चारच्याला पांढरा. पांढऱ्या नरसाळ्यातून पाच नंबरचं तेल गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुसरा त्यांचा नियम भरायच्या बोल्टचा. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालच्याने जुनं तेल काढतात, बाजूच्या वरच्याने नवं भरतात. आप्पा आधी वरचा सोडून बघायचे. तो गंजून बसला असेल तर खालच्याला हात लावायचा नाही, कारण मग डबा रिकामा होतो, भरता येत नाही आणि गाडी तिथेच अडकते. "रिकामं करणं कोणालाही जमतं," ते म्हणायचे. "भरायची वाट आहे का, ते आधी बघ." गाडी सपाट जागेवर हवी. मग पांढऱ्या नरसाळ्याला नळी लावून तेल सोडायचं, ते भोकाच्या काठाशी येऊन एक धार बाहेर गळली की थांबायचं. शेवटी करंगळी वाकवून आत घालून पातळी बघायची. हे सगळं मी इतक्यांदा पाहिलं, की मला वाटू लागलं, हे आपल्यालाही येतं.

काम झालं की ते गिअरच्या दांडीला एक पांढरी चिंधी बांधायचे. त्यावर कापडाच्या ताक्यावर खुणा करायच्या शाईने लिहिलेलं असे: तेलाचा नंबर, तारीख, आणि खाली "आप्पा". ही खात्यातली सवय. तिथे प्रत्येक ताक्यावर विणणाऱ्याची खूण असते, डाग निघाला तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. आप्पांनी ती गॅरेजात आणली. अशी स्वतःच्या नावाची चिंधी बांधणारा दुसरा मेकॅनिक मी पाहिला नाही.

आता माझं.

लग्नसराई जवळ आली होती. आप्पांनी तेल बदलून दोन महिने झाले असतील. व्हॅनखाली तेलाचे थेंब दिसू लागले. आप्पांनी वाकून बघितलं. "सील गेलंय. मागवतो. मंगळवारी ये. तोवर गाडी कमी फिरव आणि वरून काही घालू नको." रविवारी माझी दोनशे साड्यांची खेप जायची होती. मला मंगळवार परवडत नव्हता.

घरात एक कॅन होता. आमचे हे खात्यात लूम दुरुस्तीचं काम करत. लूमचं तेल वेगळं असतं. कापडावर उडालं तरी धुऊन निघावं म्हणून त्यात साबणासारखं काहीतरी असतं. यांनी माझ्या शिलाई मशीनसाठी त्यातलं थोडं आणलं होतं, न विचारता. बरेच जण आणत. मी विचार केला, लूमलाही गिअर असतात, तेही दिवसरात्र चालतात. मग व्हॅनला काय होतंय? अंगणात विटा लावून मी खाली शिरले, वरचा बोल्ट सोडला, नळी लावली आणि धार गळेपर्यंत ओतलं. करंगळी वाकवून पातळीसुद्धा बघितली. हुंगलं मात्र नाही. बाहेर आले तेव्हा स्वतःवर फार खूश होते. गाडी पळाली, खेप वेळेत पोचली. मंगळवारी मी गेलेच नाही. वेळ कुणाला होता.

तीन आठवड्यांत डबा रडायला लागला. तिसरा गिअर किरकिरायचा, मग पडेना. एके दुपारी पुलाच्या चढावर, गाठोड्यांनी भरलेली गाडी उभीच राहिली. दोरीने ओढत गॅरेजात नेईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. तेल कोणतं घातलं होतं ते मला आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. पण गिऱ्हाईकाचे फोन येत होते, आणि दांडीला आप्पांची चिंधी लटकत होती.

गॅरेजात पाच-सहा ड्रायव्हर होते. यांच्या खात्याचे सेठही खुर्चीवर बसले होते. त्यांचे सगळे टेम्पो आप्पांकडेच येत. मी दांडीची चिंधी तोडली आणि सगळ्यांसमोर धरली. "आप्पा, हे तुमचंच नाव ना? काय घातलंत? तीन महिन्यांत माझा गिअरबॉक्स गेला."

आप्पा गाडीखाली शिरले. आधी वरचा बोल्ट सोडला, मग खालचा. घमेल्यात जे पडलं ते ताकासारखं पांढुरकं, फेसाळ होतं आणि त्यात पितळेचे कण चमकत होते. आप्पांनी करंगळी बुडवली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली. आठ-दहा वर्षं ज्या वासात काढली, तो त्यांना कळणार नाही असं कसं होईल? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सेठकडे.

गेल्याच महिन्यात सेठने एका कारागिराला घरी बसवलं होतं. खात्यातलं कापड नेलं म्हणून नव्हे, तेलाचा एक कॅन नेला म्हणून. आप्पांना ते ठाऊक होतं, मलाही. यांच्या पगारावर घर चालत होतं, लेसपट्टीवर नव्हे.

"आप्पा, आ शुं थयुं?" सेठ उठत म्हणाले आणि घमेल्याकडे यायला निघाले.

आप्पांनी घमेलं उचललं आणि जुन्या तेलाच्या पिंपात रिकामं केलं. "माझी चूक आहे, सेठ," ते म्हणाले. "माझ्याच हातून चुकीचं तेल गेलं."

मी तिथेच उभी होते, हातात चिंधी घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. तेल कुठून आलं हेही सांगायची गरज नव्हती, फक्त मी वरून ओतलं एवढं पुरलं असतं. मी म्हणाले, "बरं, मग गाडी कधी मिळेल?"

पाचव्या दिवशी मिळाली. नव्या कड्या, नवं बेअरिंग, नवं सील. दांडीला नवी चिंधी, खाली नाव तसंच. चावी देताना जवळ कोणी नाही असं बघून आप्पा हळू म्हणाले, "बहीन, मशीननं तेल मशीनमाच राहू दे." रागाने नाही. ताईला औषधाची वेळ सांगावी तसं.

सेठचे टेम्पो दुसरीकडे जाऊ लागले. त्यांचं बघून बाकीचे. ज्याच्या नाकावर पैजा लागत, त्याने तेल चुकवलं, ही गोष्ट गोडादऱ्यातून बमरोलीपर्यंत चवीने सांगितली गेली. दीड वर्षाने यांनी ते खातं सोडलं, दुसरीकडे लागले. आता गप्प बसायला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी गप्प बसले. पहिलं दीड वर्ष मी नोकरीच्या नावावर टाकू शकते, त्यापुढचं सगळं माझं एकटीचं आहे.

आप्पांनी शेड सोडली तेव्हा मी मुद्दाम गेले, सांगायचंच असं ठरवून. ते नरसाळी फडक्यात गुंडाळत होते. "गावी शेतीच्या गाड्या आहेत, ट्रॅक्टर आहेत, भागेल," म्हणाले. मग विचारलं, "गिअर बरोबर पडस ना?" मी म्हटलं, पडतो. "थंड गाडीला घाई करू नको," ते म्हणाले. मी चहा घेतला आणि घरी आले.

गेल्या वर्षी समाजाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली हात जोडलेले. मीही हात जोडलेले टाकले, सगळ्यांसारखे.

परवा नव्या व्हॅनचं तेल बदलायला बमरोलीला गेले. मेकॅनिक तिशीचा, हुशार. मी पुस्तक पुढे केलं, तर हसला. "टेन्शन मत लो बेन. बुक देखके ही डालूंगा. अपने यहाँ आप्पा नहीं होता."

मी विचारलं, म्हणजे काय?

"आप्पा, यानी गलत तेल डाल देना. इधर सब ऐसेच बोलते हैं."

मी त्याला सांगितलं. आप्पा माणूस होते. गोडादऱ्यात त्यांचं गॅरेज होतं. त्यांनी आयुष्यात एकदाही चुकीचं तेल घातलं नाही. घातलं ते मी, माझ्या हाताने, आणि नाव त्यांचं लागलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. शेजारचे दोन ड्रायव्हरही ऐकत होते.

मेकॅनिकने पाना खाली ठेवला, थोडा विचार केला. "अच्छा, आदमी था क्या?" म्हणाला. "हमको लगा ऐसेच बोलते हैं." आणि गाडीखाली गेला.

खालचा बोल्ट सोडायला त्याने पाना लावला. मी वाकून म्हटलं, आधी वरचा सोड. त्याने सोडला. काम झाल्यावर मी साडीची एक पांढरी पट्टी काढली, तेलाचा नंबर आणि तारीख लिहिली. खाली नाव लिहायची जागा होती. तिथे मी माझं लिहिलं. त्यांचं मी एकदा वापरलं होतं.