धुळ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो

जानेवारीतल्या एका शनिवारी शिरपूरहून मावसभावाचं कार्ड आलं. ‘मायला लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलते, पण अडखळत. पहूरच्या मावशीला एकदा घेऊन या.’ त्याची पहूरची मावशी म्हणजे माझी माय. कार्ड हातात असतानाच मी ठरवलं, या वेळी मायचं काही ऐकायचं नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी जळगावात मेहरूणला राहायचे, शाळेत शिकवायचे. माय पहूरला माझ्या भावाजवळ असायची. तिचं माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे चाळीस वर्षं पहूरला काढूनही बोली तिकडचीच राहिलेली. शिरपूरची मावशी तिची एकुलती एक थोरली बहीण. गेली सात वर्षं मावशी बोलावत होती आणि माय कारणं काढत होती. कधी केळीचं पाणी, कधी म्हैस व्यायची, कधी नुसतंच ‘माले बस लागस’. मागे एकदा चिडून मी म्हणाले होते, “सख्खी बहीण जड झाली का ग तुला?” त्यावर ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसली होती.

रविवारी तिला पहूरहून जळगावला आणलं. हा टप्पा तासा-सव्वा तासाचा, दोन्ही बाजूंना केळी आणि कपाशी. हिवाळ्यात जाणार असाल तर जळगावात भरीत खाल्ल्याशिवाय पुढे निघू नका. त्या रात्री मी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. मायने दोन घास खाल्ले. पाणी मात्र नाहीच.

सोमवारी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, धुळे. आता रस्ता रुंद झाला आहे, तेव्हा एकेरी होता आणि पारोळ्यापुढे तर खड्डेच खड्डे. एरंडोलला गाडी थांबल्या थांबल्या माय उतरून मुतारीकडे गेली, पारोळ्याला पुन्हा. कंडक्टर कुरकुरला. मीही म्हणाले, “माय, किती वेळा?” तिनं पिशवी छातीशी धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पारोळा सोडल्यावर तिला खोकल्याची उबळ आली. नंतर एका खड्ड्यात गाडी आदळली. धुळ्याच्या स्टँडवर सगळे उतरले, माय उठेना.

“आजी, उतरा, गाडी डेपोत न्यायचीये,” कंडक्टर दारातून ओरडला.

माय माझ्या कानाशी आली. “बठ्ठं वल्लं व्हई गयं. आते कशी उठू?”

मला क्षणभर कळलंच नाही. सगळं ओलं झालंय हे कळलं तेव्हा मी फिरकीचा तांब्या उघडला आणि सीटवर, तिच्या लुगड्यावर, माझ्या साडीवर पाणी ओतलं. “तांब्या सांडला हो माझ्या हातून,” असं मोठ्यानं म्हणत आम्ही दोघी निथळत खाली उतरलो. तिच्या पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्याच घड्या होत्या. मी समजत होते की त्यात मावशीसाठी काही असेल.

माझी एक मैत्रीण धुळ्यातच, देवपुरात राहायची. तिच्याकडे आंघोळ, कोरडं लुगडं, चहा झाला. मग मागच्या पडवीत माय बोलली. माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणापासून हे होतं. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा होता. आधी खोकलं-शिंकलं की थेंब, मग ओझं उचललं की, आणि गेली सात वर्षं केव्हाही.

“सांगितलं का नाहीस ग?”

“काय सांगू? लाज वाटस. बाईना जलमले हाईच ऱ्हास, असं मन्ही सासू म्हने.”

मैत्रिणीनं दुसऱ्या दिवशी आम्हाला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली, आतून तपासणी केली. “जंतू नाहीत, अंगही बाहेर आलेलं नाही. आतले स्नायू सैल पडलेत. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम शिका,” म्हणाल्या आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं.

त्या बाई तिशीच्या असतील. त्यांनी मायला खाटेवर गुडघे मोडून निजवलं.

“अक्का, चारचौघांत बसलाय आणि पोटातला वारा सरायला लागला, तर काय करता?”

“दाबी धरस,” माय म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

“तेच आवळायचं. आणि लघवीची जागाही, आत वर ओढल्यासारखी. पोट, मांड्या सैल. श्वास अडवायचा नाही. पाच आकडे धरा, मग तितकेच सैल सोडा. असं दहादा, दिवसातून तीनदा. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळून घ्यायचं.”

मायला सुरुवातीला नेमकं कळेना, ती श्वासच कोंडून धरायची. बाईंनी स्वतः तपासून, बोटाच्या अंदाजानं, कुठला स्नायू ते तिला दाखवून दिलं. आणि पाणी पिणं तोडायला सक्त मनाई केली. “तीन महिने रोज करा. फरक त्याआधीच दिसेल.”

“इतलंच?” मायनं विचारलं.

“इतकंच.”

बाहेरच्या बाकावर माय बसली. “बावीस वरीस,” एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी शिरपूरची गाडी लागलेली होती. सोनगीर, नरडाणा, तापीचा पूल, की शिरपूर. दीड तास. माय पायरीपाशी थांबली. “मी चांगली व्हई जाऊ, मंग जाऊत. अशी वास मारत तिना खाटजोडे नई बसाव.”

माझी रजा गुरुवारी संपत होती. मी म्हणायला हवं होतं की मी आहे, कपडे आहेत, चल. मी म्हणाले, “बरं, तीन महिन्यांनी येऊ.” खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही जळगावची गाडी पकडली.

माय माझ्याकडेच राहिली आणि व्यायाम तिनं मनापासून केला. सकाळी अंथरुणात, दुपारी डाळ निवडताना, संध्याकाळी देवाजवळ. चौथ्या आठवड्यात शिंक आली आणि लुगडं कोरडं राहिलं, तर मला स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं. ती पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागली.

सहाव्या आठवड्यात शाळेत तार आली. मावशी गेली होती.

तोच रस्ता, तीच गाडी. जळगाव ते शिरपूर माय एकदाच उतरली, नरडाण्याला, आणि तिथे माझ्याबरोबर कपभर चहाही प्यायली. मावशीच्या दारात पोचली तेव्हा ती कोरडी होती. आदल्याच दिवशी सगळं उरकलेलं होतं.

मावसभाऊ म्हणाला, “माय रोज इचारे, पहूरवाली उनी का?”

माय मावशीच्या खाटेच्या कडेला टेकली. खाटेवर रबराचं कापड अंथरलेलं होतं, वर जुन्या लुगड्याच्या घड्या. लकव्यानंतर मावशीलाही लघवी सांभाळता येत नव्हती. मायनं त्या घड्यांवरून हात फिरवला.

“तिले काय वास येता मन्हा?” ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही तेरावा करून परतलो. पुढच्या वीस वर्षांत माय पुष्कळ हिंडली. सप्तशृंगी, उज्जैन, एकदा माझ्याबरोबर कोकणसुद्धा, दोन दिवसांची गाडी करून. पहूरला बायांना मागच्या दारी बसवून ती व्यायामही शिकवायची. शिरपूरला चल असं मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.