पावणेदोन हातांचं दार

माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढी लांबी भरते, तिला मी एक हात धरते. आईने तसंच शिकवलं होतं आणि चोळीच्या कापडात माझी कधी चूक झाली नव्हती. त्यामुळे केशोरीच्या आमच्या नव्या घरातल्या माझ्या खोलीचं दार मी मोजलं, ते पावणेदोन हात भरलं, आणि तेवढं पाठ करून मी गोंदियाला निघाले. माझ्याइतकी हुशार बाई पंचक्रोशीत नाही, याबद्दल त्या दिवशी मला काडीचीही शंका नव्हती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. साहेब लोक गेले आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान गोंदियाच्या एका कबाड्याच्या आवारात येऊन पडलंय, ही बातमी छोट्या लाईनच्या गाडीने अर्जुनीला आणि तिथून बैलबंडीने आमच्या गावात पोचली. तेव्हापासून मामाजींना चैन पडेना. मामाजी म्हणजे माझे सासरे; आमच्याकडे सून सासऱ्यांना तसंच म्हणते. धान चुरून कोठ्यांत भरून झालं होतं, नव्या घराच्या छपरावर कवेलू चढले होते, आणि आता सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, साहेबाघरची एक तरी वस्तू पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. जेवताना ते म्हणाले, "सपरीचं मी पाहीन. आतल्यासाठी एक चीज सूनबाई पसंत करन. ते शहरातली हाये, तिले समजते."

भात वाढायचा डाव माझ्या हातातच राहिला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण आज भाजी कोणती करायची हेसुद्धा त्या घरात मला कुणी विचारलं नव्हतं. मी इतकी हरखले की वाढताना सासूबाईंच्या ताटात दोनदा मीठ टाकलं.

हरखण्याचं खरं कारण मात्र फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. लग्नामुळे माझं मॅट्रिक राहिलं होतं. त्यांनी गुपचूप फॉर्म भरून आणला होता, परीक्षा मार्चात होती, आणि मी तांदळाच्या कोठीवर पुस्तक ठेवून उभ्याने वाचत होते. घरी कळलं असतं तर फॉर्म चुलीत गेला असता, अशी माझी समजूत. मला टेबल हवं होतं. माझ्या खोलीत, दार लोटून, कुणाला पत्ता न लागता अभ्यास करता येईल असं टेबल.

मामाजी आणि मी कबाड्याच्या आवारात शिरलो आणि मला कुठे पाहू अन् कुठे नको असं झालं. शिंगांची टोपी-खुंटी, संगमरवरी फळीचं तोंड धुण्याचं मेज, मच्छरदाणीच्या दांड्यांचा पलंग! जाळीचं एक कपाट फार सुरेख होतं. दूधदुभत्याला अगदी हवं तसं. पण त्यात साहेब मटण ठेवायचा, असं कबाडी मोठ्या अभिमानाने सांगून बसला. सासूबाईंनी ते अंगणातसुद्धा उतरू दिलं नसतं, म्हणून मी पुढे सरकले.

मामाजी पुरुषभर उंचीच्या आरशासमोर उभे राहून मिशा पाहत होते.

"हा नका घेऊ मामाजी," मी म्हटलं. "सपरीत ठेवला तं समोरच्या गोठ्यातले बैलच दिसतीन त्याच्यात."

ते मोठ्याने हसले. मग त्यांनी लांब हातांची, वेताची आरामखुर्ची पसंत केली. मी ती उलटी करून खालून पाहिली. वरचं पॉलिश कुणीही चढवतं. लाकूड पोखरणारी उदई लागली असेल तर ती खालीच सापडते. लाकूड अस्सल सागाचं होतं. मी मान हलवली, तेव्हा मामाजींनी कबाड्याकडे असं पाहिलं, जणू सून त्यांनीच घडवली होती.

आणि मग मला ते टेबल दिसलं. पलंगामागे, धुळीने भरलेलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन खण, वर शाईचे दोन डाग, आणि आखूड पायांना खालून पितळेच्या वाट्या. आमची जमीन शेणाने सारवलेली, पावसाळ्यात ओल धरणारी. त्या वाट्या पाहून मला नाचावंसं वाटलं. मी एकेक खण ओढून पाहिला. सहाही खण सुरळीत चालत होते. माझा आनंद कबाड्याने ओळखला तर तो भाव वाढवील, अशी भीती वाटली.

"कायले पाहिजे येवढं?" मामाजींनी विचारलं.

"कागदपत्रं ठेवाले," मी खोटं बोलले. "घराचे, जमिनीचे."

"दारातून जाईन काय?"

"दार पावणेदोन हात हाये. मी मोजलं."

त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने टेबलाची रुंदी मोजली. दीड हात. उंची मोजली, तीही दीडच. पाव हात जागा उरत होती. दोघंही खूश झालो.

टेबलाबरोबर त्याची खुर्ची होती. कबाडी म्हणाला, "बहूजी, बैठ के तो देखो! चूं तक नहीं करेगी." मी मान खाली घातली. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत सुनेने खुर्चीवर बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आम्ही जमिनीवरच बसायचो, तेही बाजूला. मी तळहाताने बैठक दाबून पाहिली आणि न बसताच खुर्ची पसंत केली.

गाडीच्या मालडब्यातून अर्जुनी, तिथून बंडी. बंडीच्या मागे अर्धं गाव चालत आलं. चौघांनी टेबल उचललं, सपरीतून माझ्या खोलीच्या दाराशी नेलं, आणि ते तिथेच अडलं. आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं. दोन बोटांसाठी अडलं. आत जाईना ते जाईना.

मामाजींनी दारावर स्वतःचा हात धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुया हात दाखव." मी कोपरापासून हात पुढे केला. शेजारी त्यांनी आपला धरला. त्यांची बोटं माझ्या बोटांच्या चांगलीच पुढे गेली होती. दार माझ्या हाताने मोजलं होतं आणि टेबल त्यांच्या! गावकरी पोट धरून हसले. मला मात्र असा संताप आला की त्या चौकटीलाच लाथ मारावीशी वाटली.

टेबल खुर्चीसकट सपरीतच राहिलं. मामाजींच्या आरामखुर्चीसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. रीत काय ते मला माहीत होतं, म्हणजे मला त्याचा उपयोग शून्य. मी रोज त्याची धूळ पुसायची आणि आत जाऊन कोठीपाशी उभी राहायची. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

आठवड्याने, मी धूळ पुसत असताना, मामाजींनी विचारलं, "काऊन वो, तुये कागद अजून खणात नाही आले?"

मी पुसलेलाच खण पुन्हा पुसू लागले.

"खरं सांग. हे टेबल कायले घेतलं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी सांगून टाकलं. मॅट्रिक, फॉर्म, कोठी, सगळं. खोटं बोलले हेही सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. फॉर्म आता चुलीत जाणार, असंच मला वाटलं.

मग ते उठले. साहेबाची आरामखुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तिचं तोंड अंगणाकडे केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"आता मले काही दिसत नाही," ते म्हणाले. "आन तुयी पुस्तकं. बस."

मी पुस्तकं आणली आणि बसले. कबाडी खरं बोलला होता, खुर्चीने चूं केलं नाही. शाईच्या दोन डागांच्या मधे पुस्तक ठेवून मी पहिलं पान उलटलं.

परीक्षेपर्यंत ती आरामखुर्ची तशीच राहिली. गावातली माणसं यायची आणि विचारायची, "पाटील, घराकडे पाठ करून काऊन बसून राहिले?"

"धान राखून राहिलो," मामाजी सांगायचे.

फाल्गुन लागला होता. अंगणात धानाचा एक दाणा नव्हता.