कोरा कॅट

विद्यापीठाची भिंत संपत आली तशी विजयमालाबाई म्हणाल्या, "खडी लागली. वळण आलं वाटतं."

वळण खरंच आलं होतं. पद्मजाने त्यांचा कोपर जरा घट्ट धरला आणि समोरून येणारी बस जाऊ दिली. खडकीच्या क्वार्टर्समधून निघून तास होऊन गेला होता. नवरात्रात एका सकाळी चतुःशृंगीला पायी जायचं, हे दोघींचं दरवर्षीचं. बरोबर निघालेल्या बायका केव्हाच पुढे गेल्या होत्या. गेल्या वर्षी विजयमालाबाई पद्मजाच्या पदराला धरून चालल्या होत्या, गर्दीत चुकामूक नको म्हणून. तेव्हा पद्मजाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. या वर्षी त्या अनवाणी निघाल्या. नवस वगैरे नाही, पायांना रस्ता कळतो, म्हणाल्या. तेव्हापासून पद्मजाला स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा झाला होता.

विजयमालाबाईंचं माहेर वारज्याचं. वडील गेनबा मळ्यातलं काम आटोपलं की आंब्याखाली पत्ते घेऊन बसत, आणि पाच मुलींतली ही एकच त्यांच्या मांडीला चिकटून पानं ओळखायला शिकली. लग्न होऊन खडकीत आली. कॉलनीच्या बालवाडीत अकरा वर्षं मुलांना गाणी शिकवली, नाकं पुसली, रस्ता ओलांडून दिला. आणि हळदीकुंकू, डोहाळजेवण, काहीही असो, पन्हं पिऊन झालं की बायका म्हणायच्या, विजयाताई, काढा कॅट.

जादू साधीच. आपण एक पान ओढायचं, बघायचं, उलटं त्यांच्या हातात द्यायचं. त्या डोळे मिटून पानावरून अंगठा फिरवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "किलवरची सत्ती." कधी चुकलं नाही.

या वर्षीच्या चैत्रात श्यामलाताईंकडे यावरून वाद पेटला. श्यामलाताई बालवाडीच्या अध्यक्ष. त्यांचं मत, बांगड्यांत आरसा असणार. मुक्ताबाई म्हणाल्या, डोळे मिटायचं निव्वळ सोंग आहे, पापणीखालून बघते ती. कुणी हिशेब सांगितला, कुणी दत्ताची कृपा म्हटलं. तेव्हा श्यामलाताई आंब्याच्या डाळीची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "अहो, एवढा काथ्याकूट कशाला? पद्मजाबाई नेहमी समोर बसतात. त्या खुणावत असतील. जोडीचा धंदा आहे."

सगळ्या हसल्या. विजयमालाबाईसुद्धा हसल्या. पद्मजाला मात्र ते झोंबलं. आयुष्यात कधी पत्त्यांतसुद्धा लबाडी केली नव्हती तिने. घरी येऊन देवापुढे दिवा लावतानाही तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीला गेली, तिथून पुढे दुकानात जाऊन पत्त्यांचा नवा कॅट घेतला. वेष्टन फोडलं नाही. पुढच्या शुक्रवारी मुक्ताबाईंकडे सगळ्यांसमोर तो विजयमालाबाईंच्या हातात ठेवला आणि स्वतः मुद्दाम त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली.

विजयमालाबाईंनी वेष्टनावरून बोट फिरवलं. आपलाच कॅट घेऊ, त्याची सवय आहे, असं म्हणून बघितलं. बायकांनी ऐकलं नाही. मुक्ताबाईंनी पान ओढलं, दिलं. अंगठा पानाच्या कडेवरून फिरला. पुन्हा फिरला. मग तिसऱ्यांदा, सावकाश, चारी कोपऱ्यांवरून.

पद्मजाला पुढे किती वेळा वाटलं, इथे गप्प बसायला हवं होतं. पण आपण निर्दोष ठरलो या आनंदात ती पाठीमागून बोलून गेली, "राहू द्या जादू. निदान बघून तरी सांगा."

हशा पिकला. विजयमालाबाईंनी डोळे उघडले. पान सुलटं केलं, नाकाशी नेलं. मग खिडकीकडे वळून उजेडात धरलं, तिरकं केलं. "बदामचा गुलाम," म्हणाल्या.

पान चौकटचा राजा होतं.

श्यामलाताई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय, चार वर्षं झाली, डॉक्टरांकडे इलाज नाही. हे विजयमालाबाईंनी श्यामलाताईंना स्वतःच सांगितलं. जुन्या कॅटच्या पानांवर नखाच्या खुणा होत्या, त्या अंगठ्याला लागायच्या. बालवाडी सुटली. श्यामलाताई वाईट वागल्या नाहीत. लहान मुलांची जबाबदारी, रस्ता, रहदारी, असं म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पद्मजाही स्वतःला तेच समजावत आली. एखादं मूल गाडीखाली आलं असतं तर? पण देवापुढे हात जोडले की हे उत्तर पुरत नसे. तिने मुलांची काळजी म्हणून कॅट आणलाच नव्हता. स्वतःवरचा आळ पुसायला आणला होता.

पाच महिन्यांत विजयमालाबाईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. पद्मजालाही धीर झाला नव्हता. आज रस्ताभर तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भाज्यांच्या भावाबद्दल बोलली.

पायथ्याशी पोचल्यावर नारळवाल्यांच्या गलक्यातून वाट काढत दोघी पायऱ्यांच्या कडेला टेकल्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून पद्मजा म्हणाली, "विजयाताई, त्या दिवशी मी जे केलं..."

"माहीत आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि सुटकाही नव्हती. त्यांनी पिशवीत हात घातला, ओटीचा खण आणि नारळ बाजूला सारला आणि तळातून तो कॅट काढला. त्या दिवशी तो त्यांच्याच हातात राहिला होता. परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बालवाडीतली मुलं अजून दुपारी घरी येतात, म्हणाल्या. जादू दाखवा म्हणून मागे लागतात. जुना कॅट हाताळून मऊ पडलाय, कडा फाटल्यात, खुणा लागत नाहीत. घरच्यांना सांगितलं तर ते म्हणतात, आता कशाला हा नाद.

"वर जाण्याआधी एवढं करा. मी एकेक पान समोर धरते, तुम्ही नाव सांगा, मी नखाने खूण करते. बावन्न पानं आहेत, वेळ लागेल." त्यांनी पहिलं पान तिच्यापुढे धरलं, थोडं बाजूलाच, तिचा चेहरा असेल असं वाटलं तिथे. "फक्त नीट बघून सांगा, पद्माताई."